त्रेचाळीस आणि अकराशे

सोमवार, ३ फेब्रुवारी

छापखान्याच्या फळ्यावर दोन कागद लागले, एकाच टाचणीने. पहिला मालकांचा — बांधणी खात्यात नवं यंत्र येणार. घडी घालणार, शिवणार, सरस लावणार, पुठ्ठा चढवणार. म्हणजे आम्ही त्रेचाळीस माणसं हातांनी जे जे करतो ते सगळं. दुसरा कागद मोठ्या युनियनचा — तुमचा संघ आमच्यात विलीन करा, बसून बोलू.

ते अकराशे, शहरातल्या सगळ्या छापखान्यांतले. आम्ही त्रेचाळीस, सगळे एका माळ्यावरचे. आणि मी या संघाची सचिव. मला हे पत्र फळ्यावर वाचायला मिळावं!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे त्याच छापखान्यात खालच्या मजल्यावर, मशीन खात्यात. मोठ्या युनियनचे सभासद, वीस वर्षं. शांतपणे म्हणाले, "पत्राचं मला गेल्या आठवड्यातच कळलं होतं."

मग मला का नाही सांगितलं?

"तुमच्या संघाचं पत्र. संघाला पोचायच्या आत मी कसं सांगू?"

भाजीत मीठ दोनदा पडलं. मुद्दाम नाही. दुसऱ्यांदा कदाचित मुद्दाम.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

घरात अबोला. अकरा मिनिटं टिकला. मग दूध उतू गेलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सभा झाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची संघाची खोली, बाकं तीन, माणसं त्रेचाळीस. जिन्यातसुद्धा पाच-सहा जण बसले होते. खाली कुणीतरी घंटी दुरुस्त करत होतं, त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला टिंग टिंग.

सरसाच्या टेबलावरच्या चिकटबाई सगळ्यांत आधी उठल्या. हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलेलं — एकदा बोलायला लागल्या की विषय सोडत नाहीत म्हणून. त्या विलीनीकरणाच्या बाजूने. म्हणाल्या, यंत्र काय आपल्याला घाबरून परत जाणार आहे? उद्या मालकांनी वीस जणांना घरी बसवलं तर आपण काय करणार, उरलेले तेवीस जण रुसणार?

हशा झाला, पण आवाज जरा दबलेला. कारण खरं होतं.

मग अध्यक्ष. आमचे मास्तर — चाळीस वर्षं पुस्तकं शिवतात, बोटांच्या टोकांवर सुईचे घट्टे. म्हणाले, मोठ्या घरात गेलो की आपल्याला मागची खोली देतात. पहिल्या वर्षी विचारतात, दुसऱ्या वर्षी सांगतात, तिसऱ्या वर्षी सांगायलाही येत नाहीत.

मी मास्तरांच्या बाजूने बोलले. हा संघ ज्या अकरा जणांनी काढला त्यांत माझे वडील होते. टाळ्या पडल्या. घरी येताना मात्र डोक्यात टाळ्या नव्हत्या, चिकटबाईंचे तेवीस जण होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मोठ्या युनियनचे संघटक आले. हातात भली मोठी काळी बॅग, म्हणून दहा मिनिटांत नाव पडलं — बॅगवाले. भाषण सुरू केलं, आपण सगळे एकाच कुटुंबातले वगैरे. मास्तरांनी मध्येच त्यांच्यापुढे दोन पुस्तकं ठेवली. विचारलं, यातलं शिवलेलं कुठलं आणि नुसतं चिकटवलेलं कुठलं?

बॅगवाल्यांनी दोन्ही उलटीपालटी करून पाहिली. आम्ही वाट बघत होतो, आता काहीतरी ठोकून देणार.

"नाही कळत," म्हणाले. "दाखवा."

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची द्यावी लागावी तसा. मग त्यांनी पुस्तक मधोमध उघडून दाखवलं — शिवलेलं सपाट पडतं, चिकटवलेलं मिटायला बघतं. बॅगवाल्यांनी बॅग टेबलाखाली सरकवली आणि दुपारभर आमच्यात बसून घड्या घातल्या. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे घड्या घालून सोळा पानं होणारा एक मोठा कागद, धड जमेना. पान पाच, मग पान बारा, मग परत पाच. चिकटबाईंनी त्यातला सगळ्यांत वाकडा भिंतीला लावून ठेवलाय.

आता या माणसाचा राग कसा करायचा, ही पंचाईतच.

जाताना मी नेमकं विचारलं, नवीन यंत्रावर कोण उभं राहणार? ते म्हणाले, आमच्या नियमाप्रमाणे मशीन खात्याची यादी आहे, त्यातला पहिला. आणि मग हळूच, "आत आलात तर तो नियम बदलायला तुमचंही मत असेल. बाहेरून नुसतं पत्र लिहिता येतं."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी ह्यांना विचारलं, यादीत पहिला कोण आहे?

दाढी करत होते. हात थांबला.

"मी," म्हणाले.

आमच्या त्रेचाळीस जणांच्या हातचं काम घेणारं यंत्र, आणि त्यावर आमचेच हे! हे म्हणाले, मी मागितलेलं नाही, क्रमाने आलंय. मला ते ठाऊक आहे. तरी डबा भरताना झाकण दोनदा आपटलं. लेक कॉलेजला जाता जाता दारातून म्हणाली, आई, या घरात एक तटस्थ मध्यस्थ नेमायला हवा, मी उपलब्ध आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

मास्तरांकडे बसून अटी लिहिल्या. यंत्राचं शिक्षण आधी बांधणी खात्यातल्यांना. एकालाही काढायचं नाही. आपला विभाग वेगळा, त्याची कार्यकारिणीत एक जागा कायम. चिकटबाईंची चौथी अट — सरसाच्या टेबलाशेजारी खिडकी. मी म्हटलं, याचा विलीनीकरणाशी काय संबंध? त्या म्हणाल्या, मोठ्या युनियनकडे जायचं तर मोठं काहीतरी मागायला नको?

मास्तर विलीनीकरणाच्या विरोधातच आहेत, पण अटींतले स्वल्पविराम सगळे त्यांचे. म्हणाले, हरायचं तर शुद्ध लिहून हरू.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काय झालं ते नीट लिहिते.

मोठ्या युनियनच्या सभागृहात अटी मांडायला मला बोलावलं होतं. तीनएकशे माणसं असतील. खुर्च्यांच्या रांगा, वर पंखे, आणि सगळीकडे शाईचा वास — मशीन खात्यातली माणसं कामावरून थेट आलेली. तीन अटींवर कुणी हूं की चूं केलं नाही. खिडकीवर तर टाळी पडली. पण शिक्षणाच्या अटीवर गडबड. मागून एक जण उठला, रास्तच बोलला — आम्ही वर्षानुवर्षं यादीत थांबलोय, आमची पाळी यांना का द्यायची?

त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

तेवढ्यात डावीकडून खुर्ची सरकली. हे उभे. वीस वर्षांत ह्यांनी सभेत तोंड उघडलेलं नाही, घरी पाहुणे आले तरी हवामानापलीकडे जात नाहीत.

म्हणाले, "यादीत पहिलं नाव माझं आहे. यंत्र चालवता मला येईल. पण त्यातून निघालेलं पुस्तक नीट बांधलंय की उद्या पानं गळणार, हे मला कळणार नाही. ते हिला—" थांबले. "ते बांधणी संघाच्या सचिवांना कळेल."

सभागृह हसलं. हे लाल झाले, पण खाली बसले नाहीत. म्हणाले, माझी पाळी मी सोडतो, यंत्रावर आधी बांधणीतले तीन उभे राहू देत, मी चौथा. त्यांच्याकडून शिकेन.

त्यानंतर मागच्या माणसानेही हात वर केला. अट मंजूर.

घरी चालत आलो. वाटेत मी एवढंच विचारलं, आधी सांगितलं का नाही? म्हणाले, मलाच उभं राहीपर्यंत माहीत नव्हतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हे आज शीळ घालत दाढी करत होते. कामावर सगळे पाठ थोपटतायत म्हणे. एका भाषणाने एवढं!

शनिवार, १ मार्च

आमचं मतदान. बाजूने एकतीस, विरोधात बारा.

मी बाजूने दिलं. मास्तरांनी विरोधात, आणि उठून तसं सांगितलंही. मग स्वतःच निकाल वाचून दाखवला, आवाज न हलवता. सगळे खाली उतरल्यावर मी त्यांच्याबरोबर खिडक्या लावत होते. न राहवून विचारलं, आज माझे वडील असते तर काय केलं असतं?

मास्तरांनी कडी लावली, नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"तुझे वडील? हो किंवा नाही म्हणायच्या आधी चार अटी लिहिल्या असत्या."

जिना मी कठड्याला धरून उतरले. डोळे भरून आल्यामुळे मला पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून.

सोमवार, १० मार्च

यंत्र आलं. मी, चिकटबाई आणि मास्तर — पहिले तिघे. मास्तर येणार नाहीत असं वाटलं होतं, ते सगळ्यांच्या आधी हजर. यंत्राने पहिली तीस पुस्तकं उलटी चिकटवली. मास्तर इतके खूश की दुपारी सगळ्यांना चहा पाजला. चौथा शिकाऊ वहीत टिपून घेत होता. अक्षर आमच्या घरातलं!

शुक्रवार, १४ मार्च

फळ्यावर यादी लागली. एकत्र झालेल्या युनियनची आपल्या छापखान्यातली शाखा, तिच्या सचिवपदाची निवडणूक, उमेदवार दोन. एक मी — बांधणीतल्यांनी परवा अर्ज भरायला लावला, घरी सांगायचं राहूनच गेलं. दुसरे हे. त्यांचंही सांगायचं राहून गेलं म्हणे.

मी घरी आले तर न मागता चहा तयार. ह्यांनी बशी पुसून समोर ठेवली.

"मतदाराशी नम्रतेने वागावं," म्हणाले.

मी घोट घेतला. साखर कमी आहे, म्हटलं. विचार करून सांगते.