तीन वर्षांची चराईबंदी

१० एप्रिल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि पोरींचा फोटो मिळाला. धाकटी अगदी तिच्या आजीवर, मामीवर गेली आहे, नाक सोडून; मामीने पाहायला हवी होती. इकडे सगळं ठीक. मामा ठणठणीत आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण माझं पत्र फोडलं की तू आधी तेवढंच शोधतेस आणि बाकीचं मग जेवण झाल्यावर वाचतेस.

माझी बदली आपल्याच डोंगरात झाली, हे तुला कळलंच असेल. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एक गळते, दुसरीत टेबलाच्या एका पायाखाली वीट आहे. साहेब चांगले आहेत. बोलतात कमी आणि शिंकतात जास्त. काम काय, म्हणून विचारलं होतंस. धरणाच्या वरच्या पाणलोटातली माती जागच्या जागी थांबवायची, एवढंच. पावसात आपली नदी चहासारखी वाहते ना, तो सगळा चहा धरणात जाऊन बसतो. परवा धरणावरच्या इंजिनिअरांनी मला नावेत नेलं आणि दोरीला वजन बांधून पाण्यात सोडलं. निम्मी दोरी हातात होती तोवरच वजन गाळात टेकलं. खालचं अख्खं शहर हेच पाणी पितं, ताई. हे असंच चाललं तर आपल्या पोरांच्या वेळी धरण नसेल, चिखलाचं मैदान असेल.

आणि सगळ्यात जास्त माती कुठून येते, माहीत आहे? वस्तीच्या वरच्या उतारावरून. शेळ्या वर्षानुवर्षं एकाच वाटेने चढतात, ती वाट खोल होते, पावसात तिची ओघळ होते आणि ओघळीची घळ होते. तिथे आडवे चर खणायचे, ओघळींत दगडी बांध घालायचे, गवत आणि झुडपं लावायची. पण त्याआधी चराई बंद करायची. वस्तीतल्या घराघराची संमती हवी होती आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "तुझ्या मामाला विचार."

म्हणून गेले. मामा अंगणात मास्तरणीचा खूर कापत बसले होते. (मास्तरीण म्हणजे कळपातली पुढची शेळी. चार पावलं गेली की मागे वळून हजेरी घेते, म्हणून हे नाव.) मी सगळं समजावलं. धरण, गाळ, शहर. ते खुराकडे बघत ऐकत होते.

"बंद म्हणजे किती दिवस?"

"दिवस नाही मामा, वर्षं."

त्यांनी खूर सोडला. "किती?"

"तीन," मी म्हटलं.

"तू सांगतेस?"

"मी सांगते."

"मग झालं तर."

एवढंच. त्याच संध्याकाळी ते दारोदार फिरले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या संमत्या ऑफिसात. साहेब शिंकायचे थांबले! म्हणाले, "आमची दोन माणसं इथून हात हलवत परत गेली. तुम्ही हे जमवलंत कसं?" मी नुसती हसले.

मामांनी कळप विकला. मास्तरीण आणि दोन शेळ्या ठेवल्या, दावणीला बांधून चारा घालायला. व्यापारी कळप घेऊन निघाला तेव्हा मामांनी वळून पाहिलं नाही. शेळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी मी जेवायला थांबले, तर म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे काय, डोळा लागून उघडेपर्यंत जातात."

वर्षांचं काय ते पुढचं पुढे बघू. एकदा गवताने मूळ धरलं की सगळं सोपं होतं. पोरींना पापे.

तुझी,
बारकी


४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. दीड वर्षात मी तुला एकही धड पत्र लिहिलं नाही, नुसत्या चार-चार ओळी. रागावलीस ते बरोबरच आहे.

मामांची तब्येत उत्तम. थोडे वाळलेत, पण ते काय नेहमीचेच.

यंदाच्या पावसाचं तुला सांगायलाच हवं. असा पाऊस मी पाहिला नव्हता. पलीकडच्या तीरावरचा अर्धा उतार खाली आला, रस्ता गेला, दोन घरांचे गोठे गेले. नशीब, माणसं वाचली. आणि आपला उतार हलला नाही, ताई! चर तुडुंब भरले, पाणी जिरलं, ओघळींतल्या बांधांमागे माती साठली आणि त्या मातीवर आता गुडघाभर गवत आहे. धरणावरचे इंजिनिअर मुद्दाम वर आले आणि आपल्या ओढ्याचं पाणी बाटलीत धरून उन्हात बघत बसले. मी लहान मुलीसारखी टाळ्या पिटायची तेवढी राहिले होते.

ऐन पावसात एक चर पालापाचोळ्याने तुंबला आणि फुटायच्या बेतात आला. आमची माणसं पोचेपर्यंत मामा कुदळ घेऊन तिथे उभे होते. वाट मोकळी केलेली, अंगावरून पाणी निथळतंय. मी ओरडले, "मामा, या वयात?" तर म्हणाले, "तुझा डोंगर आहे ना, म्हटलं बघावं." आता कोणी पाहुणा आला की त्याला वर नेऊन दाखवतात. "आमच्या बारकीने केलं."

बाकी दिवसभर ते काय करतात, विचारलं होतंस. उजाडायच्या आधी उठतात, सवयच ती. गोठ्यापर्यंत जातात. मग आठवतं. मग भिंतीवर बसतात. मला पाहिलं की हटकून विचारतात, "आता किती राहिलं गं?" मी म्हणते, "राहिलं थोडं."

तू पत्रात सरळच विचारलं आहेस की तीन वर्षांत डोंगर बरा होतो का. तू नर्स. वरून खपली धरली म्हणजे आतून जखम भरली असं नसतं, हे तुला मी काय सांगणार. आमचे साहेब तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, निदान दहा-बारा वर्षं तरी खूर पडता कामा नये.

हो, पहिल्या दिवसापासून. मामांकडे जायच्या आधीपासून.

मी सांगणार आहे त्यांना. या पावसाने ते इतके खूश आहेत की लगेच सांगवत नाही. थोडी सवड बघून सांगेन. तू मात्र आधी काही लिहू नकोस त्यांना, माझी शपथ.

तुझी,
बारकी


२१ मे

ताई,

मामा बरे आहेत. जेवतात, झोपतात, खोकला नाही. यातलं काही खोटं नाही. पण आजवर मी एवढंच लिहून पत्र पुढे ढकलत आले. आज तसं करत नाही.

मी त्यांना सांगितलं नाही. दीड वर्ष सवड बघत राहिले. सवडी पुष्कळ होत्या.

मार्चमध्ये गेले तर गोठा सारवलेला, कुंपण नवं आणि आत करडं. अंगणभर उड्या मारणारी. मामा त्यांच्यात असे बसले होते, जणू दहा वर्षांनी लहान झालेत. मी विचारलं, "एवढी कशाला आणलीत?"

"हिंडती होईपर्यंत डोंगर उघडेल. तीन वर्षं भरली की नाही?"

ताई, तेव्हा तोंड उघडता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि काम आहे म्हणून निघाले.

एप्रिलमध्ये ऑफिसात फोन आला. उतारावरचा राखणदार. "मॅडम, इथे कळप घेऊन लोक आलेत, आत सोडा म्हणतात." साहेब आणि मी जीपने वर गेलो. फाटकापाशी मामा. धुतलेला सदरा, हातात काठी, मागे करडं आणि करडांच्या मागे निम्मी वस्ती. सगळे हसत होते. कोणीतरी राखणदाराची थट्टा करत होतं.

मामांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "ही आलीच बघा. हिलाच विचारा. तीन वर्षं म्हणाली होती की नाही?"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही तीन वर्षं सांगितलं होतंत?"

मी म्हणाले, "नाही. मी असं काही बोलले नव्हते."

आधीपासून काही ठरवलं नव्हतं. साहेबांचा चेहरा पाहिला, नोकरी दिसली, आणि ते शब्द आपसूक बाहेर आले. अगदी स्वच्छ आवाजात. मलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं.

कोणीच हसेना. मामा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. ते साहेबांना म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात चुकलं असेल. कान गेलेत हल्ली."

कान गेलेत! पलीकडच्या कड्यावर शेळी शिंकली तरी या माणसाला कळतं कोणती ते.

शेजारची काकू मामांपुढे आली. "म्हणजे? तुझ्या शब्दावर आम्ही जनावरं विकली. आम्हाला फसवलंस तू?"

"हो," मामा म्हणाले. "मीच."

आणि त्यांनी करडं वळवली. ती ऐकेनात, गवताचा वास लागला होता त्यांना. एकेकाला हाकत, उचलत ते खाली गेले. मदतीला कोणी पुढे झालं नाही. मी जीपपाशी उभी होते.

त्यानंतर वस्तीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते पाण्याला गेले की बायका घागरी उचलून बाजूला होतात. करडं त्यांनी पलीकडच्या खोऱ्यातल्या कुणाला देऊन टाकली. दावणीच्या शेळ्याही दिल्या. मास्तरीण हिवाळ्यातच गेली होती, ते बरंच झालं म्हणायचं.

मी तिसऱ्या दिवशी गेले. उंबऱ्यात उभी राहिले. मामा उठले आणि म्हणाले,

"या मॅडम. बसा."

ताई, मी सात वर्षांची असताना माझी आई गेली आणि तुमच्या या घरात आले, तेव्हापासून ते मला तू म्हणतात. बारके, कारटे, गाढवा, जे काय म्हटलं ते तू लावून. मला वाटलं, रागाने म्हणतायत. पण आवाजात राग नव्हता. त्यांनी खुर्ची पुसून दिली. "पाणी घेणार का?" मी त्यांच्या पायाशी बसायला गेले तर बाजूला झाले. "अहो, कपडे खराब होतील तुमचे."

मी घरी येऊन रडले वगैरे लिहीत नाही. रडले, पण त्याचा कोणाला काय उपयोग.

मग गेल्या आठवड्यात वस्तीची सभा होती, बंदीवरूनच. साहेबांचं बोलणं झाल्यावर मी उठले आणि सांगितलं की तीन वर्षं मीच म्हणाले होते. दहा-बारा लागणार हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मामांनी कोणाला फसवलं नाही, मी मामांना फसवलं. आणि फाटकापाशी सगळ्यांदेखत खोटं बोलले, तेही मीच.

मग काकूने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. साहेबांनी माझी चौकशी लावली आहे. बहुतेक इथून हलवतील. सभेत मात्र एक बरं झालं. ओढ्याच्या खालची सपाट पट्टी वस्तीला पाळीपाळीने चरायला मिळणार, आणि वरच्या उतारावरचं गवत कापून न्यायची परवानगी. वरचा उतार बंदच राहील. भांडत भांडत का होईना, त्यांनी स्वतः कबूल केलं. पलीकडचा तीर कोसळताना सगळ्यांनी पाहिला होता. हेच मी तीन वर्षांपूर्वी खरं सांगून मागितलं असतं तर मिळालं असतं की नाही, मला माहीत नाही. उतार बंद राहायला हवा, हे मात्र मी आजही म्हणेन. ते खरं आहे म्हणून मी खोटं बोलले ते धुऊन निघत नाही. हे दोन्ही एकदम डोक्यात ठेवणं मला फार जड जातं.

सभा सुटल्यावर काकू मामांपाशी गेली, काहीतरी बोलली, त्यांनी मान हलवली. लोक पांगले. मी त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत गेले. वाटेत शेवटी विचारलं, "मामा, तुमचे कान तर चांगले आहेत. मग त्या दिवशी तसं का म्हणालात? दोष का घेतलात अंगावर?"

ते थांबले. मला वाटलं, आता तरी तू म्हणतील.

"मी पुन्हा विचारलं असतं," ते म्हणाले, "तर तुम्ही पुन्हा नाही म्हणाला असतात. ते मला ऐकायचं नव्हतं."

मग ते आत गेले. दार त्यांनी लावलं नाही, उघडंच ठेवलं. माझाच पाय आत पडेना.

तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. मला माफ कर म्हणत नाही, तो हक्क आधी त्यांचा आहे आणि ते त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. तुला सुट्टी मिळत असेल तर ये. स्टेशनवर मी घ्यायला येईन, वस्तीच्या पायथ्यापर्यंत सामान आणून देईन. तिथून पुढे तू एकटीच जा. त्यांना कोणाला तरी तू म्हणायचं असेल.

अजूनही स्वतःला तुझी म्हणवणारी,
बारकी