घरगाडीच्या मागे काय बांधावं

क्वार्ट्झसाइट, ॲरिझोना
१२ जानेवारी

तीर्थस्वरूप थेल्मावहिनींस,

धाकट्या दिराचा वाळवंटातून वाकून नमस्कार. नेब्रास्कात बर्फ कंबरेएवढं साचलं असेल; गुडघे काय म्हणतात? तुम्ही पाठवलेला रानचेरीचा मुरंबा पोचला. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी थेट आमच्या एकखोली शाळेत जाऊन बसलो. (बाई मला कविता म्हणायला उभं करायच्या आणि रॉइसदादा मागच्या बाकावरून पुढची ओळ पुरवायचा.) तुमच्या दोघांचे उपकार कुठवर मोजू!

इकडची हकीकत अशी. घर विकून या चौतीस फुटी घरगाडीत राहायला आलो, तेव्हा मी नेडीनला म्हटलं होतं, आता आपण मुक्त पाखरं. पण पाखराला दाणा टिपायला घरटं बरोबर न्यावं लागत नाही, आम्हाला लागतं! नळ सोडवा, वीज सोडवा, बशा कपाटात कोंबा आणि एका पावासाठी दुकानाबाहेर सहा मोटारींची जागा अडवून उभे राहा. गेल्या आठवड्यात औषधवाल्याच्या छपराला आमचं छप्पर घासलं, तेव्हा नेडीनने निक्षून सांगितलं, "महिनाअखेरीपर्यंत मागे बांधायला छोटी मोटार आली नाही, तर हे धूड विकायचं आणि ओमाहाला फ्लॅट घ्यायचा." (आठव्या मजल्यावर, वहिनी! खिडकीतून दिसणार काय, तर समोरची खिडकी.)

मग मी मोटार निवडली. रंगावरून. शाळेच्या पुस्तकात एका कवितेवर तळ्याचं चित्र होतं, अगदी तोच निळा. गिअर आपोआप पडणारे. चारी चाकं जमिनीवर ठेवून मागे बांधली आणि कविता गुणगुणत निघालो. मागून एक बाई भोंगा वाजवत आल्या; मी कौतुक समजून हात हलवला. शेवटी त्यांनी गाडी आडवीच घातली. "अहो आजोबा, मागे काय भाजताय?"

गिअरबॉक्स जळून खाक झाला होता. त्या ओपलबाईंनी आम्हाला कॉफी पाजली, मोटारीची पुस्तिका काढली आणि पान उघडून दाखवलं: ही गाडी अशी ओढू नये. "शंभर कविता पाठ आहेत, पण ही एक ओळ वाचली नाही," नेडीन म्हणाली. शेजारचा लेस्टर म्हणतो, "काका, हाताने गिअर टाकायची जुनी गाडी बघा. न्यूट्रलला टाकली की कोकरासारखी मागे येते."

मोटार भंगारात गेली, महिन्याचे एकोणीस दिवस उरलेत. तरी खरं सांगतो, मन भरून आलंय. या वयातही ओरडून थांबवणारं कुणी भेटतं, हे काय थोडं झालं? काही हवंय म्हणून लिहीत नाही. मुरंब्याचे आभार, बस.

तुमचा
एलवूड

ता. क. दादाची जीप कोठारात आहे ना अजून? तिचे गिअर हाताने टाकायचे, असं अंधुक आठवतं. सहज विचारलं.

आणखी ता. क. सहज नाही. द्याल का?

जाऊबाई, पत्र पोस्टात टाकायला माझ्या हाती आलं, म्हणून मी नेडीन दोन ओळी घुसवते. जीप नुसती पाठवू नका, रस्ते मोकळे झाले की स्वतः चालवत या. भाऊजी गेल्यापासून एकट्या आहात; आमच्या घरगाडीतल्या समोरच्या बाकाचा छान पलंग होतो. आणि फ्लॅटची धमकी खोटी होती, हे यांना एवढ्यात कळू देऊ नका. सध्या न सांगता भांडी घासतायत.