चालू शिफ्टमधलं अपडेट

बुधवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. निघोज्याच्या प्लांटमध्ये दुपारी भर शिफ्टमध्ये मशीनच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्सने आपणहून अपडेट घेतलं आणि पार्ट तपासणारा कॅमेराच बंद पडला. लाइन थांबली. सुपरवायझर मशीनवरच्या वंदनाताईंवर खेकसला, "मावशी, तुम्हीच कायतरी दाबलं असणार."

इथले कॉम्प्युटर मीच सांभाळतो. मी सांगितलं, "त्यांनी काही केलं नाही, अपडेट आलंय." तर हेच सुपरवायझर साहेब म्हणतात, "मग अपडेट कायमचंच बंद कर." कायमचं? उद्या व्हायरस शिरला तर पुन्हा वंदनाताईंवरच खेकसणार का?

दर आठवड्याला नवीन काहीतरी पाठवणाऱ्यांचाही संताप येतोय. सुरक्षेची दुरुस्ती लगेच द्या, पण बाकीचे बदल वर्षातून एकदा दिले तर कुणाचं काय बिघडतं? साहेबांना तोंडावर सांगितलं, "बंद करणार नाही. रविवारी लाइन बंद असते, तेव्हा आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मीच टाकेन." ते "बघू" म्हणून निघून गेले. वंदनाताईंची माफी कुणीच मागितली नाही.

जुनं व्हर्जन टाकून कॅमेरा चालू केला. वंदनाताई हात मागे बांधून उभ्या होत्या. लाइन सुरू करायला रोज तेच हिरवं बटण दाबणारी बाई मला विचारते, "सर, दाबू का?"