‘मुलीतालो’ या नावाचा रक्त-अहवाल हाती मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
पर्ण-औषधी संशोधन केंद्र,
आपिया, सामोआ.

अर्जदार : पेसामीनो, मु. फालेउता, सावाई बेट.

विषय : माझा किंवा माझ्या चुलतभावाचा, ज्याचा कोणाचा निघेल त्याचा, रक्ताचा अहवाल आता तरी देण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज, आणि त्यांवर आपण ‘मुलीतालो यांस’ म्हणून धाडलेले व माझ्या चुलतभावाने फोडलेले उत्तर.

महोदय,

वरील विषयी सविनय सादर करतो की,

१. मातालाफीच्या पानांचा रस सुजेवर कितपत लागू पडतो हे पाहण्यासाठी आपल्या केंद्राने आमच्या गावातली दुखऱ्या गुडघ्यांची माणसे निवडली. त्यांत मी होतो. रस सुरू होण्याआधी सर्वांचे रक्त काढून परदेशी पाठवले गेले. त्यात सुजेबरोबर कर्करोगाची चाहूल देणारी प्रथिनेही मोजली जातात, हे आम्हांस मागाहून समजले. रसाबद्दल माझी तक्रार नाही. माझी आजी तोच रस द्यायची आणि बदल्यात कोणाचे रक्त मागत नसे.

२. रक्त काढणारी परिचारिका लांगी ही आमच्याच गावची लेक. आमच्याकडे कुळाने एखाद्यास मातई, म्हणजे कुळाचा मुख्य, म्हणून मानाचे नाव दिले की तो त्याच नावाचा होतो. त्याला जन्मनावाने हाक मारणे म्हणजे चारचौघांत त्याची टोपी उडवणे. म्हणून लांगीने माझ्या नळीवर अदबीने ‘मुलीतालो’ एवढेच लिहिले. माझ्यानंतर त्याच बाकावर माझा चुलतभाऊ सोलोमोना बसला. कुळाने ते नाव आम्हां दोघांना एकाच दिवशी दिलेले आहे. तिने त्याच्याही नळीवर ‘मुलीतालो’ लिहिले. तिला दोष देऊ नये. जन्मनाव लिहिले असते तर मीच तिच्या आईकडे कागाळी घेऊन गेलो असतो.

३. त्या नावावरून आम्ही दोघे कोर्टात गेलेलो आहोत. बैठकीत आवाचा, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाचा, पेला मुलीतालोला म्हणून पुकारा झाला की दोन हात पुढे येतात आणि सारे गाव खाली मान घालून हसते. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

४. नंतर आपल्या कार्यालयातून निरोप आला की मुलीतालो यांचे एक प्रथिन फार वाढलेले आहे, कर्करोग असेलच असे नाही, पण तातडीने तपासून घ्यावे. मी बोटीने आपियास आलो. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, “अहो, इथं दोन मुलीतालो आहेत. एक चांगला, एक वाईट. तुम्ही कुठले?” मी म्हटले, “बाई, तेच तर विचारायला आलोय!” त्यावर त्यांनी नियम दाखवला. अहवाल ज्याचा त्यालाच द्यायचा. मला द्यावा तर तो सोलोमोनाचा असू शकतो.

५. तेव्हा मी जन्मात केले नव्हते ते केले. सोलोमोनाच्या दारात जाऊन बसलो. तो म्हणाला, “अरे, तू मेलास तर मी भांडू कोणाशी? चल.” आम्ही जोडीने आलो, जोडीने सह्या केल्या. उत्तर मिळाले की दोघांसमोर उघडल्यास एकाचे गुपित दुसऱ्यास कळेल, सबब प्रत्येकाने फक्त आपापल्या अहवालापुरती संमती द्यावी. आपापला कोणता, ते अहवाल उघडल्याखेरीज कळत नाही.

६. रक्त पुन्हा काढा म्हटले, तर सुरुवातीचे रक्त एकदाच, असा आपला दंडक. जिल्ह्याच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी दोघांची पोटे दाबून पाहिली आणि म्हणाले, “ही तपासणी परदेशात होते. आधीचा अहवाल जोडल्याशिवाय मला पाठवता येत नाही. तो घेऊन या.” महोदय, चहूकडे समुद्र असण्याची आम्हांला सवय आहे, पण असे कोंडल्यासारखे कधी झाले नव्हते. मला भीती वाटते. हल्ली आम्ही एकत्र जेवतो, तेव्हा सोलोमोना माझ्या ताटाकडे बघतो, मी त्याच्या. त्याने तारोचा कंद अर्धा टाकला की माझा जीव हलका होतो, आणि मग स्वतःचीच किळस येते.

७. सबब गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर मी कुळापुढे उभा राहिलो आणि मुलीतालो हे नाव परत केले. त्याची रीतसर नोंद झाली आहे. सोलोमोना ओरडला, “वेडा झालास का? एवढं भांडलास कशासाठी मग?” तर आता मुलीतालो एकच आहे. दोन्ही अहवाल त्याचेच समजून त्याला द्यावेत. तो ते इस्पितळात नेईल आणि आम्ही दोघेही नव्याने रक्त देऊ. रक्त काढले तेव्हा मीही मुलीतालो होतो, अशी हरकत आपल्या कार्यालयाने कृपा करून घेऊ नये. माझ्याकडे परत करण्यासारखे आता काही उरलेले नाही.

८. नव्या नळीवर काय लिहायचे याचा लांगीला यापुढे पेच नाही. काल ती वाटेत भेटली. सवयीने तिने “मुलीतालो!” म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही, तसाच पुढे गेलो आणि घरी येऊन रडलो.

उत्तर लवकर यावे. दोघांपैकी एकाला थांबायला वेळ नाही.

आपला नम्र, आणि आता नुसताच,
पेसामीनो

फालेउता, दि. १४ ऑगस्ट

सोबत :
१) नाव परत केल्याच्या नोंदीची नक्कल.
२) आम्हां दोघांचा जोड-अर्ज, आपण ‘अर्जदार कोण ते स्पष्ट नाही’ असा शेरा मारून परत केलेला.