सुखनिवास सोसायटीची राज्यघटना

१ मे २००३, सकाळी

महाराष्ट्र दिन. आजपासून सुखनिवास सोसायटीची राज्यघटना लिहायला घेतली. तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलंय, उगाच नाही. जग बहुध्रुवीय होणार हे मी १९९१ सालीच वर्गात सांगितलं होतं. वर्गात तेव्हा तिघे होते.

आपल्याकडेही तीन ध्रुव. अ विंग आम्ही पेन्शनर, ब विंग आयटीवाले, क विंग सरकारी नोकर. भांडण एकच, पाण्याचा पंप कधी लावायचा. आम्हाला पहाटे हवा, ब विंगला रात्री, अमेरिकेशी बोलून झाल्यावर. चेअरमन म्हणून तिन्ही विंग एकत्र ठेवायच्या आहेत. एवढं जमलं तर आयुष्यात काहीतरी केलं म्हणता येईल.

सौ. ललिता म्हणाली, घटना राहू द्या, आधी टाकीचा व्हॉल्व्ह बदलून घ्या.

२ मे

मॉडेल ठरलं. स्वित्झर्लंड. सिंगापूरचाही विचार केला, पण तिथे शिस्त लागते. इथे जिन्यातल्या चपला हलत नाहीत. प्रत्येक विंग सार्वभौम, निर्णय जनमताने, गैरहजराला मत नाही. फुटून निघायचंही कलम घातलं. बाहेर पडता येतं आणि तरी कोणी पडत नाही, तेच खरं संघराज्य.

क विंगच्या पूर्णिमा वाघमारे विधी खात्यात आहेत. त्यांनी वाचून विचारलं, सर, हे फुटायचं कलम नक्की हवंय का? म्हटलं, आदर्श म्हणून असू द्या.

३ मे

ब विंगचा तेजस म्हणतो, काका, संडेला आम्ही बारापर्यंत उठत नाही. मोठ्या मनाने घटनेवरचं आणि पंपावरचं मतदान रविवारी दुपारी दोनला ठेवलं. अ विंग पूर्ण माझ्या बाजूने. काळजी नाही.

४ मे, रविवार, संध्याकाळी

आमरस होता. जेवून पाच मिनिटं आडवा झालो. उठलो तेव्हा साडेचार. अख्खी अ विंग आडवीच होती. ब विंग मात्र ताजीतवानी. ठराव मंजूर: ब विंग स्वतंत्र, पंप त्यांच्या आवारात म्हणून त्यांचा. क विंगने त्यांच्याशी लगेच करार केला.

प्रक्रिया मात्र निर्दोष पार पडली.

५ मे

पहाटे नळ कोरडा. पूर्णिमाबाईंना विचारलं. म्हणाल्या, कायद्याने सोसायटी अशी फुटत नाही, सर. पण पंप बंद ठेवायला कायदा लागत नाही.

तेजसला तहाचा मसुदा द्यायला गेलो. म्हणाला, मेल करा. मला मेल येत नाही. दोन बादल्या टँकरवरून आणल्या. दमलो. वाईटही वाटलं. खरंच सगळ्यांना एकत्र ठेवायचं होतं.

७ मे

ललिता परवा ब विंगमध्ये तेजसच्या आईबरोबर कैरीचं लोणचं घालत होती. आज कळलं, पंप आता पहाटे आणि रात्री, दोन्ही वेळा. तिन्ही विंग पुन्हा एक. चेअरमन ललिता.

काल दुपारी मतदान झालं म्हणे. अ विंग या वेळी जागी होती. मला उठवलं का नाही, असं विचारलं. म्हणाली, गैरहजराला मत नाही, तुम्हीच लिहिलंत ना?

म्हणजे घटना लागू आहे. व्हॉल्व्ह आणायला निघालो.