नडगीतला मीटर

११ फेब्रुवारी
बागेच्या दगडी गडग्यावरून पडलो. पडलो म्हणजे, गडगाच सरकला. विनोदला आत शिरायची जवळची वाट दाखवत होतो. नडगीचं हाड मोडलं. विनोदने पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. धाकटा भाऊ आहे, तेवढं करायलाच हवं.

१४ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. आत प्लेट. साधी नव्हे, सेन्सरवाली. कसल्याशा अभ्यासासाठी निवडक पेशंटना बसवतायत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं : हाड जुळेपर्यंत भार प्लेट सोसते, हाड जुळत गेलं की प्लेटवरचा भार उतरतो. पायाला पट्टा गुंडाळायचा, आकडे मोबाईलवर जातात, तिथून त्यांच्याकडे. मी म्हटलं, बाई, पोफळीच्या पॉवरहाऊसात उभा जन्म मीटर वाचण्यात गेला. मीटर खोटं बोलत नाही. बाईंवर छाप पडली असावी. लगेच पुढच्या पेशंटकडे वळल्या.

२१ फेब्रुवारी
मांडवीला घरी. वॉकर. पाय जेमतेम टेकवायचा.
दीपालीने तिकडे ठाण्यात स्वतःच्या मोबाईलवर ते ॲप घेतलंय. रोज संध्याकाळी फोन. बाबा, आज आकडा जास्त का? बाबा, उभे राहिलात का? मुलगी आहे की पोलीस? एरवी गणपतीलासुद्धा चार वाक्यांत फोन संपवते. हिच्याकडे कुरकुर केली. ही म्हणाली, येतोय ना फोन, मग बोला की.

९ मार्च
संकल्प : आंबा उतरायच्या आत वॉकर फेकायचा. आमच्या घराण्यात हाडं लवकर जुळतात.
व्यायाम उद्यापासून. आज उकडतंय.

३० मार्च
तपासणी. बाई म्हणाल्या, भार उतरायला हवा तेवढा उतरत नाही, घाई करू नका. हाड माझं, घाई माझी. दीपालीचा फोन. तिला आधीच माहीत. म्हणाली, बाबा, हळूहळू होईल, मी रोज बघतेय ना. मी म्हटलं, बघ. दुसरं काय करणार?

१३ एप्रिल
विनोदने मला न विचारता आंबा उतरवायला घेतला! मी पोफळीत होतो तेव्हा बाग त्यानेच सांभाळली, खरं आहे. पण सांभाळणं वेगळं, कळणं वेगळं. कोणतं फळ तयार हे त्याला कुठून कळणार?
हिला सांगितलं, व्यायामाच्या बाईंकडे जातो. रिक्षाने भाट्याचा पूल ओलांडून थेट बागेत. कातळावर वॉकर चालत नाही. रिक्षातच ठेवला. पाय थोडा दुखला. म्हणजे ताकद येतेय.

१४ एप्रिल
हुशारी केली. पट्टा काल लावलाच नाही. आज रात्रभर विश्रांती घेतलेल्या पायाला लावला.
तासाभरात दीपालीचा फोन. बाबा, काल दिवसभर कुठे चढत होतात? प्लेट म्हणे सगळं साठवून ठेवते. हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर नीट सांगितलं नव्हतं. म्हटलं, कोकणातल्या दमटपणाने सेन्सर बिघडलाय.  ती म्हणाली, मी रजा काढून येते.

२६ एप्रिल
दीपाली काल आली. सकाळी स्वतः पट्टा गुंडाळला, शेजारी बसून चहा प्यायली. लहानपणचं काहीबाही बोलत होती. मी घड्याळाकडे बघत होतो. बागेत आज वरच्या अंगाची कलमं उतरवायची होती. व्यायामाला जातो म्हटलं. सोबत येते म्हणाली. नको म्हटलं.
बागेत झेला, आंबा काढायची जाळीची काठी, हातात घेतला. विनोद म्हणाला, दादा, तू सावलीत बस, फक्त बोट दाखव, मी काढतो. त्याची दया मला नको होती. शिडीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीला नडगीत कट् झालं. शिडी कच्ची होती.
विनोद मला घरी घेऊन आला तेव्हा दीपाली दारातच उभी. वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. हातातल्या मोबाईलवर ते ॲप उघडं होतं, तो बंद करून पर्समध्ये ठेवला आणि अँब्युलन्स बोलवायला आईचा फोन मागून घेतला.

३ मे
पुन्हा ऑपरेशन. प्लेट तुटली होती. कमरेचं हाड काढून नडगीत भरलं. नवी प्लेट साधी. अभ्यासातून माझं नाव काढलंय. बाई म्हणाल्या, आकडे मिळून उपयोग नाही, माणसानेही ऐकावं लागतं. नुकसान अभ्यासाचंच. पॉवरहाऊसातला माणूस त्यांना पुन्हा कुठे मिळणार?
दीपाली ऑपरेशन होईपर्यंत थांबली. निघताना वाकून नमस्कार केला. आईला म्हणाली, जपून राहा. आईला.

१० मे
बरं झालं. आता मोकळा श्वास. संध्याकाळी कुणाला उत्तर द्यायला नको.
मोबाईल चार्जिंगला लावून उशाशी ठेवलाय. असावा.

१८ मे, रविवार
संध्याकाळी हिच्या मोबाईलवर दीपालीचा फोन. विनोदने पाठवलेली पेटी पोचली, सगळी फळं तयार निघाली, एकही कच्चं नाही. इकडे पंखा बंद करून मी ऐकत होतो. शेवटी हिने विचारलं, बाबांना देऊ का? मी उठून बसलो, घसा साफ केला.
हिने पलीकडचं ऐकून घेतलं, मग फोन ठेवला. म्हणाली, मीटिंग आहे तिची.
असतात हल्ली रविवारीही.