आधी समुद्र, मग ऑपरेशन

२ डिसेंबर, सौंसर
नागपूरच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. काचबिंदू. कडेची गेलेली नजर परत येणार नाही, मधली उरलेली ऑपरेशननं वाचू शकते, आता थांबू नका. आईचंही तेच जुनं. "उरलंसुरलं बी गेलं त? मी आधी समुद्र पाहीन, मंग काय कापाचं ते कापा." जन्मभर पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे कन्हान नदीचं. ऑपरेशनची २२ तारीख घेऊन ठेवली आणि सिद्धार्थला फोन केला. धाकटा भाऊ, नोकरी विशाखापट्टणमला. म्हणजे समुद्र त्याच्या दारातच.

९ डिसेंबर, विशाखापट्टणम
सकाळी पोचलो. सि.नं ऑटो मुद्दाम आतल्या रस्त्यानं घ्यायला लावला. "ताई, शहरातल्या बीचवर नुसती गर्दी. बाहेर दोन टेकड्यांच्या मधात एक लहानसा किनारा हाये, कोणालेच माहीत नाही. आईनं पहिल्यांदा तिथूनच पाहाचा." कधी? रविवारी. आज मंगळवार.

११ डिसेंबर
गच्चीत वारा आला की आई नाक वर करते. "जवळच हाये ना वं?" जवळ म्हणजे चालत दहा मिनिटं. मी नेते म्हटलं तर सि. रुसून बसला, आणि आई त्याच्याच बाजूनं. "पोराची हौस हाये, राहू दे." पोरगं एकेचाळीस वर्षांचं. शाळेतली माझी रजा संपत आली, तिची नजर संपत आली, आणि हौस कोणाची पुरवायची, तर याची. डोकं उठलं आहे.

१४ डिसेंबर
गेलो एकदाचे. वाट कसली, दगड आणि काटेरी झुडपं. आई तीनदा खाली बसली. सि. पुढे व्हिडिओ काढत, "आई, इकडं पाहा, हास थोडी." मी मागून तिला धरून.
खाली आमच्या शाळेच्या अंगणाएवढी वाळू. दोन्ही बाजूंना काळे उंच खडक, मधे पाणी, चिटपाखरू नाही. सुंदर होतं, कबूल करते. त्यामुळे जास्तच राग आला.
आई बराच वेळ बघत उभी राहिली.
"एवढाच?"
सि.चा मोबाइल खाली आला.
"कन्हान याच्याहून मोठी हाये, बाबू. हा नाही समुद्र. हे त डबरं हाये."
परत चढताना मी सि.ला नाही नाही ते बोलले.

१५ डिसेंबर
सि.नं आज सुट्टी टाकली. स्वतःहून. शहरातल्या बीचवर नेलं, जिथं पाहावं तिथं पाणी. मी मनात म्हटलं, आता बघू काय म्हणते.
आईनं मान या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवली. मग उलटी. मग पुन्हा.
"हा बी तेवढाच दिसून राहिला वं."
आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. तिला कळलं होतं. वाळूत बसली, म्हणाली, "खडकाची चूक नव्हती त." सि.नं तोंड फिरवलं. काल त्याला इतकं बोलले, त्याचं आज वाईट वाटलं. थोडंच.

१६ डिसेंबर, गाडीत
आई खिडकीशी. विजयवाड्यानंतर विचारलं, "ऑपरेशन केल्यावर पुरा दिसन का समुद्र?"
मी चहावाल्याला हाक मारली.
हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर २२ ला ही सौंसरहून हलणार नाही, आणि आहे तेवढंही जाईल. सि.ला मेसेज केला, काय सांगू? त्याचं उत्तर: तू सांग, ताई, तुझं ऐकते ती.
बल्लारशा गेलं. आत्ता तिनं पुन्हा विचारलं.